झुंबरची खिरापत

माझी आत्या शालूबाई नोकरीतून मोकळी झाली त्या साली तालुक्याच्या मास्तरमंडळींनी तिचा सत्कार केला. शाल झाली, नारळ झाला, मग भाषणं सुरू झाली ती आवरेनात. ज्याच्या त्याच्या तोंडी तिच्या शाळेतला भोंडला. शालूबाईंनी मावळच्या खेड्यात समतेचं रोप लावलं, असं एकजण म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मी मागच्या बाकावर चरफडत बसले होते. रोप लावलं, कबूल. त्याचं पुढे काय झालं हे विचारायची एकालाही गरज वाटली नाही. म्हणून हे लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून हयात आहेत आणि पाहुणचाराला फार चांगली आहेत. बेडशाच्या लेण्यांच्या अंगाने पवनेकडे उतरलं की जी गावं लागतात, त्यातलं ते एक.

आत्या सोळाव्या वर्षी विधवा झाली. आम्ही पुण्याचे, ब्राह्मणाघरचे. तिचं पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण आजोबांनी तिला शिकवलं, ती ट्रेनिंग झाली आणि लोकल बोर्डाने तिला मावळात मुलींच्या शाळेवर धाडलं. माझी आई सारखी आजारी, म्हणून मला तिच्याकडे ठेवलं होतं. आत्या भरभर चालायची, त्याहून भरभर बोलायची आणि तिला राग यायला कारण लागत नसे. रोज फळ्यावर एक सुविचार. मुलींच्या पायात चपला नव्हत्या, तर पावसाळ्यात त्यांची इरली तरी भिंतीशी ओळीने लावून घ्यायची. एखादं इरलं तिरकं दिसलं की धडा थांबायचा.

शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची. महारवाड्यातली झुंबर बाहेर पायरीवर बसायची. हस्ताच्या पावसात ती तिथे भिजत पाढे म्हणताना आत्याने पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. तिने गावातल्या वाहिदभाईंची भाताची रिकामी वखार मागून घेतली, शाळा तिथे हलवली आणि झुंबरला आत घेतलं. गाव महिनाभर धुसफुसलं आणि गप्प झालं. हे गप्प होणं म्हणजे पटणं, असं आत्या धरून चालली. तिथेच चुकलं.

झुंबर हुशार होती. नुसती पाठांतराची हुशारी नव्हे, तिला प्रश्न पडायचे. चौथीत ती एकटीच अशी होती की आत्या तिच्या पाटीकडे बघून रागवायचं विसरायची. हिला आपण सातवीच्या फायनलला बसवायचं, मास्तरीण करायचं, असं आत्याने मनाशी पक्कं केलं होतं. मला रात्रंदिवस तेच ऐकावं लागे.

पण मुली चौथीच्या पुढे टिकत नव्हत्या. आया शाळेकडे फिरकत नसत, मग मुलींना घरी बसवताना त्यांना काही वाटायचं नाही. म्हणून आत्याने भोंडला शाळेत आणला. गावात तो घरोघरी व्हायचाच. पाटावर हत्ती काढायचा, पोरींनी भोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत. ज्या घरची पाळी त्या घराने काहीतरी खायला करून झाकून आणायचं आणि बाकीच्यांनी ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. नाहीच ओळखता आलं तर ‘हरलो’ म्हणायचं, मग उघडतात आणि सगळ्या मिळून खातात. आत्याने नेम केला : रोज एकीची पाळी, सगळ्यांच्या आयांनी यायचं, सगळ्यांनी खायचं.

आणि आया आल्या! हळदीकुंकवाला आत्याला कोणी बोलावत नसे, पण तिच्या भोंडल्याला झाडून सगळ्या आल्या. पाटलाच्या नंदाबाई तर रोज पुढे बसायच्या. वाहिदभाईंच्या लैलाच्या घरून खोबरं-खडीसाखर आली, तीही ओळखून फस्त झाली. त्या दिवशी आत्या घरी येताना गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं. खोबरं कुणीही फोडलं तरी खोबरंच राहतं, म्हणून ते चाललं, हे माझ्या आईने घरबसल्या सांगितलं असतं. आत्याला ते सुचलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती झुंबरच्या घरी गेली. मी बरोबर होते. झुंबरची आई अंबू दारात शेणी थापत होती.

“अंबू, परवा झुंबरची पाळी,” आत्या म्हणाली.

अंबूने हात थांबवला. “बाई, कशाला वो? पोर मंदी बसती हेच लय झालं.”

“आत बसते तर पाळी नको? सगळ्यांची झाली.”

“न्हाई खाल्लं म्हंजी?” अंबू म्हणाली. “झुंबरची आत्या लोनावळ्याला बंगल्यावर झाडलोटीला हाय. ती म्हनती पोरीला धाड. मी आडवून धरलीया, का तर तुमी म्हनता पोर मास्तरीन व्हईल. पर समद्या गावाम्होरं जर कुनी शिवलं न्हाई, तर मी पोरीला काय त्वांड दावू? मग ती शाळंत न्हाई ऱ्हायाची. मीच न्हाई ठिवायची.”

“सगळ्या खातील,” आत्या म्हणाली. “माझा शब्द.”

मग आत्या घरोघर फिरली. प्रत्येकीला विचारलं, झुंबरची खिरापत खाल ना? आणि एकही बाई नाही म्हणाली नाही. “खाऊ की बाई,” “त्यात काय एवढं,” “तुमी म्हनल्यावर झालं.” नंदाबाईंनी तर वर चहा पाजला. आत्या सुखावली. मी आज या वयात सांगते, त्या गावात तोंडावर ‘नाही’ म्हणायची रीतच नव्हती. पावण्याला, सावकाराला, शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीला, कुणालाच नाही. बारा महिने तिथे काढून आत्याला हे कळू नये, याचा मला अजून संताप येतो.

झुंबरच्या छपरावर भोपळ्याचा वेल होता. त्यावरचा मोठा तांबडा भोपळा सगळ्या गावाला दिसत होता आणि तो उतरवला तेही सगळ्या गावाने पाहिलं. त्याचे घारगे झाले. तळणाचा वास पार ओढ्यापर्यंत आला. झुंबरने ते टोपलीत घालून, वर पळसाची पानं आणि धुतलेलं फडकं टाकून आणले. केस चापून विंचरलेले, काष्ट्याचं लुगडं आईचं. टोपली तिने हत्तीच्या पाटाशी ठेवली आणि मागे सरून उभी राहिली. अंबू वखारीच्या दाराबाहेर बसली. आत्याने तिला आत बोलावलं, ती आली नाही.

गाणी झाली. छान झाली. मग आत्या टाळी वाजवून म्हणाली, “चला, ओळखा!”

“लाडू,” एकजण म्हणाली.

“न्हाई,” झुंबर म्हणाली.

“शेवया.”

“न्हाई.”

“करंज्या असतील.”

“वाटली डाळ.”

“पेढं!” या नावावर सगळ्या हसल्या. त्या गावात पेढे कुणी डोळ्यांनी पाहिले असतील तर ते वडगावच्या बाजारात. झुंबरही हसली. तिला वाटलं, गंमत चालली आहे. मलाही तसंच वाटलं.

वखारीत घारग्यांचा वास भरून राहिला होता. आणि त्या वासात बसून बायका नावं घेत होत्या : अनारसे, चकल्या, चिवडा, श्रीखंड, सांज्याच्या पोळ्या. कुणी गुळाचं नाव घेई, कुणी तेलाचं. भोपळ्याचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं. नाव घेतलं की फडकं निघणार, फडकं निघालं की घारगा हातात येणार. तोंडाने नाही म्हणायची गरजच नव्हती. खेळच त्यांना पुरत होता.

आत्याच्या हे लक्षात आलं तेव्हा तिच्या मानेवर लाल चट्टे उठले. “पुरे,” ती म्हणाली. “येत नसेल तर हरलो म्हणा. झुंबर उघडेल.”

“अवो बाई, हरायचं कशापायी?” नंदाबाई गोड आवाजात म्हणाल्या. “वळखू की. एवढ्यात कुटं हरायचं?”

“नंदाबाई, तुम्हाला वास येत नाही?”

“पडसं झालंय वो. ह्या पावसानं.”

आत्या मुलींकडे वळली. फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच होता, नेहमी खरे बोलावे. “तुम्ही सांगा ग, काय आहे टोपलीत?” मुलींनी आपापल्या आयांकडे पाहिलं. एकीने तोंड उघडलं, तर तिच्या दंडाला चिमटा बसला आणि ती “चकल्या” म्हणाली. आत्याने कमरेवर हात ठेवले. मला वाटलं, आता ही फुटणार. ती फुटली नाही. ती तशीच उभी राहिली आणि एकेकीकडे बघत राहिली, वर्गात गणित घालून उत्तराची वाट बघत उभी राहते तशी. आज कुणीतरी बरोबर उत्तर देईपर्यंत मी हलणार नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

बायकाही हलल्या नाहीत. कुणी रागावलं नाही, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. नावं संपली तेव्हा पुन्हा लाडवांपासून सुरुवात झाली. झुंबर आता हसत नव्हती. तरी प्रत्येक नावाला ती नेमाने “न्हाई” म्हणत होती, कारण खेळात तसंच म्हणायचं असतं. पुढेपुढे तिचा आवाज ऐकू येईना, नुसती मान हलायची.

मग नंदाबाई पदर सावरत उठल्या. “दिवं लागायची येळ झाली. गुरं आली असतील. झुंबरे, लय अवघड खिरापत आनलीस बग! उद्या वळखू हां.” आणि सगळ्या उठल्या. जाताना आत्याला “येतो बाई” म्हणाल्या, माझ्या गालाला हात लावला, आपापली इरली घेतली आणि गेल्या. अंबूने दारातून हात लांब करून टोपली ओढून घेतली.

घरी आल्यावर आत्या जेवली नाही. भांडी आपटली, मला दोनदा विनाकारण ओरडली. ढोंगी आहेत, म्हणाली. नेभळट आहेत. भांडल्या असत्या तर मी भांडले असते, यांच्याशी भांडू कशी? तिचं बरोबर होतं. चुलीशी बसून मलाही त्या बायकांचा असा राग आला होता की नंदाबाईंच्या अंगणात जाऊन त्यांच्या तुळशीला लाथ मारावीशी वाटत होती.

सकाळी झुंबर शाळेत आली नाही. दुपारची सुट्टी होताच आत्या निघाली, मी मागे. अंबू घरात नव्हती, कामावर गेली होती. झुंबर अंगण झाडत होती. आम्हाला बघून तिने केरसुणी खाली ठेवली आणि नेहमीसारखे हात जोडले.

“शाळेत का नाही आलीस?”

“आय नगं म्हनली.”

“मी आईशी बोलते. हे बघ झुंबर, मी त्या बायकांना सोडणार नाही. दिपोटींना लिहिते. पुढच्या वर्षी पुन्हा तुझी पाळी लावते, बघू किती वर्षं ओळखत नाहीत. तू अजिबात वाईट वाटून घ्यायचं नाही. खोट्या त्या आहेत, तू नाहीस.” आत्या बराच वेळ बोलली. चांगलं बोलली. झुंबर तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती, वर्गात ऐकायची तशीच.

“घारगे कुठे आहेत?” आत्याने शेवटी विचारलं.

“रातीच वाटलं आमच्या हितं. लय चांगलं झालं व्हतं.” मग झुंबर म्हणाली, “बाई, एक इचारू?”

“विचार ना.”

“त्यांस्नी खायाचं नव्हतं म्हनून त्यांनी वळखलं न्हाई. तुमाला तर वास आलता. तुमी का न्हाई वळखलं?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. झुंबर थोडा वेळ वाट बघत उभी राहिली, मग तिने केरसुणी उचलली आणि उरलेलं अंगण झाडायला घेतलं.

दसरा झाल्यावर ती लोणावळ्याला गेली. पुन्हा शाळेत आली नाही.

पण मी सांगते आहे ते त्या दुपारचं. आम्ही बांधाबांधाने परत निघालो. आत्या पुढे, मी मागे. थोडं चालल्यावर ती एकदम बोलू लागली. खेळ मीच लावला होता, म्हणाली. लावणाऱ्याने ओळखायचं नसतं. मी ओळखलं असतं तर त्या सुटल्या असत्या. त्यांच्या तोंडून यायला हवं होतं, माझ्या तोंडून येऊन काय उपयोग? मी खाल्ले असते ग, मला काही वाटलं नसतं, मी केव्हाही खाल्ले असते. ओढा आला, ओढा गेला, ती बोलतच होती. वखारीच्या दारापर्यंत ती मला हेच परत परत समजावत राहिली. मी तिला काहीच विचारलं नव्हतं.