नाथाजींनी ट्रंकेत कोंडलेलं वायफाय

मलकापुरात नाथाजींच्या दारावरून जाताना लोक पाय उचलून चालायचे. थांबलं की नाथाजी हाक मारणार, आणि फौजेत सिग्नलला लाइनमन असताना चोवीस वर्षं कुठं-कुठं केबल ओढली, ते पहिल्या खांबापासून ऐकवणार. गल्लीत कुणाचा पंखा बंद पडला की हा गडी पकड घेऊन हजर. पंखा सुरू व्हायचाच असं नाही. समोरच्या बनाबाई तर लांबूनच ओरडायच्या, "भावजी, आमचा मिक्सर बरा हाय. येऊ नगासा!"

पण त्या थंडीत गल्लीचं हसणं आटलं. नाथाजींच्या बायकोच्या, शालूबाईंच्या किडन्यांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. एकुलता मुलगा यशराज बापासारखाच फौजेत, वर बर्फातल्या चौकीवर. रस्ता बंद, मोबाइल लागत नाही. रविवारी अकराच्या सुमाराला युनिटच्या कॉम्प्युटरवर थोडा वेळ मिळायचा, तेवढाच. गेल्या सुट्टीत त्यानं आईच्या खाटेसमोर मोठा कॉम्प्युटर मांडला होता आणि कॉल आला की आपोआप उचलला जाईल अशी सोयही केली होती. शालूबाईंचं आता एकच मागणं होतं. पोराचं तोंड दिसावं.

आणि नेमकं तेव्हाच वायफाय गेलं.

गेलं कुठंच नव्हतं. नाथाजींनीच कोंडलं होतं. बाहेरच्या सोप्यात राउटरची वायर उंदरानं कुरतडली, तेव्हा त्यांनी नवी वायर टाकली आणि राउटर उचलून आपल्या काळ्या फौजी ट्रंकेत ठेवला. वायरीपुरतं भोक पाडलं, कडा कानशीनं गुळगुळीत केल्या, झाकण लावलं. इतकं सुबक काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. लोखंडातून वायफाय बाहेर पडत नाही, हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या आयुष्यात सिग्नल वायरीतूनच चालत आला होता.

रविवारी अकराला ते कॉम्प्युटरपुढं बसले. बंद केला, चालू केला. पासवर्ड तीनदा घातला. कंपनीला फोन लावून गाणं ऐकलं. बनाबाईंची नात अपेक्षा दारात आली. "आजोबा, माझ्या मोबाइलवरून जोडून देऊ?"

"चोवीस वर्सं लाइन वढलीय मी, पोरी. जा तू."

मग ते सोप्यात गेले, झाकण उघडलं. सगळे दिवे हिरवे. लाइन तर ठीक आहे! थोडा वेळ बघत बसले, झाकण लावून परत आले. पडद्यावर तेच: इंटरनेट नाही.

"आवं," शालूबाई म्हणाल्या, "आला हुता यशू."

"कवा?"

"आत्ता. तुमी भाईर गेल्यावर. मिशी न्हाई वो त्याला."

नाथाजींनी वळून पडद्याकडं पाहिलं. त्यांच्यात पोराची मिशी उतरते ती आईबाप गेल्यावर, नदीवर, न्हाव्यापुढं बसून. आई जिवंत असताना कोण काढेल? डॉक्टर म्हणालेच होते, रक्तातली घाण डोक्यात चढली की भास होतील.

"भास हाय त्यो. इंटरनेट बंद हाय."

"मी बगितलं."

"न्हाई म्हणतोय न्हवं? गप पड."

ते चिडूनच पुन्हा सोप्यात गेले, पुन्हा झाकण उघडलं, दिवे मोजले, लावलं. परत आले तेव्हा शालूबाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि भिंतीकडं कूस वळवली.

बुधवारी त्या गेल्या.

रस्ता सुटल्यावर यशराज सहाव्या दिवशी पोचला. दारात गाडीतून उतरला आणि बायकांनी हंबरडा फोडला. नाथाजी मात्र त्याच्या ओठाकडं बघत राहिले. मिशी नव्हती. तिथं तीन टाक्यांचा ताजा वण होता.

"मिशी कवा काढलीस?"

"बर्फावरनं घसरलो, आबा. टाके घालायला डॉक्टरनं काढली. तुमाला सांगणार न्हवतो. पर रविवारी कॉल लागला न्हवं, दोनदा! लागायचा आन् तुटायचा. असं का हुईत हुतं? राउटर कुठाय?"

नाथाजींनी ट्रंकेकडं बोट दाखवलं. यशराजनं वायर कुठं जाते ते पाहिलं आणि झाकण उघडलं.

"लोखंडात? आबा, झाकण उघडं असतं तवाच लागत असणार."

नाथाजींनी झाकण किती वेळा उघडलं, हे त्यांना कुणी विचारायची गरज नव्हती.

"दुसऱ्या खेपेला आई हसली," यशराज म्हणाला. "काय तर पुटपुटली, पर आवाज आला न्हाई. तुमाला काय बोलली का? मी दिसलो म्हणाली?"

बायका रडायच्या थांबून ऐकत होत्या. एवढ्या माणसांत बापानं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

"म्हणाली," नाथाजी म्हणाले. "मी तिला खोटं पाडलं. गप पड म्हणालो. मग ती बोललीच न्हाई."

यशराज आईच्या खोलीत गेला आणि त्यानं आतून कडी घातली.