खेमचंद शेठचा निळा झेंडू

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगणात पाय आपटल्यासारखं. चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या हाताला येतील तशा दिल्या आहेत. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर कळावं म्हणून कामाचे शब्द सोपे करून लिहिते.

तर, मी पांढरा ॲप्रन, डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क अशा अवतारात उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका लग्नात स्टेजच्या बाजूला उभी होते, आणि नवरदेवाची मान निळी झाली होती.

तिथपर्यंत कशी पोचले ते सांगते.

नव्वद साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. अंबरनाथच्या एमआयडीसीत आठल्ये सरांची लॅब होती. एकच गाळा. पुढे ऑफिस, मागे लॅब. सर डॉक्टर होते, पण माणसांचे नव्हेत, झाडांचे. पाटीवरचं डॉक्टर वाचून शेजारच्या कारखान्यातले लोक खोकला दाखवायला यायचे. सर त्यांना गरम पाणी प्या म्हणून सांगायचे. बऱ्याच जणांना गुण यायचा.

आमचं रोजचं काम केळीचं. त्याला टिश्यू कल्चर म्हणतात. केळीच्या कोंबाचा बारीक तुकडा कापायचा आणि बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा. जेलीत साखर आणि खत असतं. तुकड्याला कोंब फुटतात, ते पुन्हा कापायचे, पुन्हा ठेवायचे. एका कोंबाची अख्खी बाग होते. जेली भरलेल्या बाटल्या आधी ऑटोक्लेव्हमध्ये उकडायच्या. तो म्हणजे भला मोठा प्रेशर कुकर. आणि कापाकापी करायची ती लॅमिनारसमोर बसून. लॅमिनार म्हणजे गाळलेला वारा सोडणारं कपाट. त्या वाऱ्यामुळे बुरशी आत शिरत नाही. ते कपाट नसेल तर प्रत्येक बाटलीत दाढी उगवल्यासारखी बुरशी येते, आणि लॅबला कुलूप लागतं.

कपाटासमोर आम्ही दोघी. मी आणि मंदा. मंदा अंबरनाथ पश्चिमेची, तोंडानं फटकळ. मी बदलापूरच्या पुढच्या, बारवीकडच्या पाड्यातली, लग्न होऊन चिखलोलीला आलेली. मला चारचौघांत बोलता येत नाही. दुकानात साखर घ्यायची तरी मी बोट दाखवायची. सरांनी मला ठेवलं ते याच गुणावर. म्हणाले, "बोललं की थुंकी उडते, थुंकीतून बुरशी येते. ही बोलतच नाही. उत्तम!"

त्याआधी मी वीटभट्टीवर होते. इथे खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता, तोंडावर मास्क होता, आणि दिवसभर कोणाशी न बोलता पगार मिळत होता. मला दुसरं काही नको होतं.

पण ते कपाट आमचं नव्हतं. त्याचे पैसे खेमचंद शेठनी दिले होते, उसने. शेठचा कॅम्प चारला बटनं आणि लेबलं बनवायचा कारखाना. त्यांना केळ्यात काडीचा रस नव्हता. त्यांना निळा झेंडू हवा होता.

झालं असं, की सरांनी त्यांना जीनची गोष्ट सांगितली होती. सर ती सगळ्यांनाच सांगायचे, चहावाल्यालासुद्धा. प्रत्येक जिवाच्या आत एक लांब दोरा असतो. त्यावर त्या जिवाचं सगळं लिहिलेलं असतं. पान कसं, फूल कसं, रंग कुठला. त्यातली एक ओळ म्हणजे एक जीन. गोकर्णाची निळ्या रंगाची ओळ काढून झेंडूच्या दोऱ्यात घातली, तर झेंडू निळा का फुलू नये?

शेठना हे एका क्षणात पटलं. "समझ गया साईं! ये तो हमारा ही धंदा है. एक लेबल निकालो, दुसरा लगाओ."

"लेबल नाही हो शेठ," सर कळवळून म्हणाले. "लेबल वरून लागतं. हे आतून बदलायचं असतं. आणि ओळ नेमकी कुठे जाऊन बसेल ते आज कोणालाच सांगता येत नाही."

ते खरंच होतं. ही ओळ झाडात पोचवायला मातीतला एक जंतू वापरायचे. त्याला झाडाच्या दोऱ्यात घुसायची सवयच असते. त्याच्या पाठीवर आपलं पार्सल द्यायचं. पण तो पोस्टमन असा, की पार्सल चाळीत कुठल्याही खोलीत टाकून येणार. सर मला म्हणायचे, "एक दिवस अशी कात्री मिळेल सुमनताई, की सांगू तिथेच कापेल. मग बघा काय काय होईल. आजार बरे होतील, पिकं किडणार नाहीत." आणि मग छताकडे बघत बसायचे. मंदा मला कोपरानं ढोसायची.

पार्सल पोचलं की नाही ते कळायला एक युक्ती होती. पार्सलात एक खूण घालायची. मग पान एका औषधाच्या पाण्यात भिजवायचं. जिथे पार्सल पोचलं असेल तिथे निळा ठिपका उठतो. पान त्यात मरतं, पण खात्री होते.

एका सकाळी सर आतून ओरडत आले. "निळं झालं! निळं झालं!" त्यांच्या हातात काचेची बशी होती. बशीत नखाएवढा पानाचा तुकडा आणि त्यावर मोहरीएवढा निळा ठिपका. सरांनी मंदाचे दोन्ही हात धरून फुगडीचा एक फेर घेतला. तेवढ्यात कुकरनं वाफ सोडली, आणि सर दचकून बाजूला झाले. मग त्यांनी शेठना फोन केला. करायला नको होता.

शेठ स्कूटरवरून आले. बशी उजेडाला धरून पाहिली. डोळे मोठे झाले.

"ये झेंडू है?"

"नाही, हे तंबाखूचं पान. पहिला प्रयोग आम्ही तंबाखूवरच करतो."

"मगर ब्लू है."

"ब्लू आहे, पण ही फक्त खूण आहे. हा फुलाचा रंग नव्हे."

शेठनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, सॅम्पल पास!"

आता हे समजून घ्यायला हवं. कॅम्प चारमध्ये सॅम्पल पास झालं की विषय संपला. बटन एकच बघतात, त्यावर पेटारेभर मालाची ऑर्डर ठरते. माल कधी आणि कसा बनणार हे कारखानदाराचं डोकं. शेठनी आयुष्यभर तसाच धंदा केला होता, आणि कधी शब्द मोडला नव्हता. सर मागून "अहो शेठ, अहो शेठ" करत रस्त्यापर्यंत धावले. स्कूटर केव्हाच गेली होती.

पुढच्या आठवड्यात पत्रिका आली. शेठच्या मुलीचं, कविताचं लग्न. पत्रिकेवर निळा झेंडू छापलेला होता. सगळ्या कॅम्प चारला त्यांनी सांगून टाकलं होतं, की माझ्या मुलीच्या लग्नात दुनियेतला पहिला निळा झेंडू.

सर मटकन खुर्चीत बसले. शेठना बोलावून म्हणाले, "याला वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही."

"सर, शादी महीने में है."

"मी काय करू?"

"आप कुछ मत करो. फूल मैं देख लेता हूँ. मेरेको सिर्फ आपकी दो लेडीज दे दो. सफेद कोट में. स्टेज के बाजू में खाली खड़ी रहेंगी."

"म्हणजे खोटं..."

शेठ कपाटाकडे बघत राहिले. त्याच्या काचेवरून बोट फिरवलं. कपाट गेलं तर लॅब गेली, एवढं मलाही कळत होतं. मला भट्टीचा धूर नाकात आल्यासारखं झालं.

शेवटी सर खालच्या आवाजात म्हणाले, "उभं राहायचं. पण खोटं बोलायचं नाही."

"ही तर खरंही बोलत नाही," मंदा माझ्याकडे बघून म्हणाली.

शेठचं फुलांचं काय झालं ते आम्हाला मागाहून कळलं. त्यांनी ओळखीच्या कापड रंगवणाऱ्याकडे पिवळा झेंडू नेला आणि निळ्या पिंपात बुचकळला. पिवळ्यावर निळा चढला, झेंडू भेंडीसारखा हिरवा झाला. मग त्यांनी पांढरी शेवंती आणून बुचकळली. ती झाली निळीशार. कोणीतरी म्हणालं, पण शेठ, ही शेवंती आहे. शेठ म्हणाले, "लेबल लगा देंगे."

आणि खरंच लेबल लावलं. हारांना सोनेरी लेबलं होती. ब्लू झेंडू.

लग्नात आम्ही दोघी मूर्तीसारख्या उभ्या. मास्क होता म्हणून मी उभी राहू शकले. लोक येऊन आम्हाला हात जोडत होते. एक बाई मला विचारून गेली, की असा काही जीन टाकून तिच्या नवऱ्याचं घोरणं थांबेल का. मी मान खाली घातली. मंदानं सांगितलं, "त्याला उशी टाका." मंदाला गप्प राहणं जमत नाही, पण खोटं तीही बोलली नाही.

मग वरमाला झाल्या. हार जाड होते, दिवे मोठे, उकाडा मरणाचा. नवरदेवाला घाम फुटला. त्याच्या दुधी शेरवानीच्या कॉलरवर एक निळी रेघ उतरली. मग दुसरी. त्याच्या आईनं रुमाल घेऊन पुसलं, तर रंग मानेभर पसरला. तिनं घाबरून त्याच्या कपाळाचा घाम पुसला, त्याच रुमालानं.

"अगं बाई, नीळकंठ!" मंदा मोठ्यानं म्हणाली.

वाजंत्री थांबली. नवरदेवाच्या आईनं आपल्या निळ्या हाताकडे पाहिलं, आणि किंचाळली, "जीन लग गया! मेरे बेटे को जीन लग गया!"

मांडवात कल्ला उडाला. कोणी म्हणे दवाखाना, कोणी म्हणे नातवंडं निळी होणार. नवरदेवाचे काका चपला शोधून पायात घालायला लागले. म्हणजे वरात परत. कविता स्टेजवर पांढरीफटक. शेठ हात पाठीमागे लपवून उभे. आणि मग ती आई सरळ माझ्याकडे आली, कारण मी सगळ्यांत गप्प होते म्हणजे मीच मोठी डॉक्टर असणार.

"मॅडम, सच बोलो. जाएगा कि नहीं?"

गप्प राहिले तर लग्न मोडणार. बोलले तर शेठची लाज जाणार आणि उद्या कपाट उचललं जाणार. सगळा मांडव माझ्या मास्ककडे बघत होता. मी कविताकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं.

मी म्हणाले, "साबुन से जाएगा."

इतका बारीक आवाज, की ती म्हणाली, "क्या?"

"रंग है. कपड़े का. साबुन से जाएगा. जीन होता तो नहीं जाता."

एवढं मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाशी सलग बोलले. ती बाई शेठकडे वळली. शेठनी दोन्ही तळवे वर केले. तेही निळे होते, मनगटांपर्यंत. आणि ती बाई हसायलाच लागली. हसता हसता खाली बसली. तिचं बघून काका हसले, आणि त्यांनी चपला पुन्हा काढल्या. लग्न लागलं.

माझं एक चुकलं. रंग साबणानं गेला नाही. कॅम्प चारचा पक्का माल होता. नवरदेव मफलर गुंडाळून महाबळेश्वरला गेला.

सोमवारी शेठ लॅबवर आले. आम्ही बाटल्या सोडून उभ्या राहिलो. बाहेर टेम्पो आहे का ते मी दारातून वाकून पाहिलं. नव्हता. सरांनीच सुरुवात केली. "शेठ, कपाट न्यायचं असेल तर..."

शेठनी निळा हात वर केला. "सर, मैंने ज़िंदगी में सबका माल कॉपी किया. सुई से लेके सेंट तक. ये फूल साला कॉपी नहीं हुआ." मग म्हणाले, "असली चीज़ को टाइम लगता है. कपाट रहने दो. केले बेचो, पैसा धीरे धीरे दे दो." जाताना माझ्याकडे बोट केलं. "इस बाई को मेरे काउंटर पे बिठाओ तो मेरा धंदा बंद हो जाएगा."

निळा झेंडू काही फुलला नाही. सरांच्या बाटलीतल्या एका झेंडूच्या रोपाला पुढे कुंडीत फूल आलं, ते पिवळंधमक. सरांनी कुंडी फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाले, "पार्सल भलत्या खोलीत." परवा टीव्हीवर सांगत होते, की सांगू तिथेच कापणारी कात्री आता खरंच मिळाली आहे. मला सर आठवले. त्यांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. चहावाल्यालाही त्यांनी सांगितलं असतं.

मी एवढंच शिकले, की लग्नाची तारीख आणि प्रयोगाची तारीख एकत्र काढू नये.

केळीची रोपं मात्र खपत राहिली. पैसे हप्त्याहप्त्यानं गेले. शेवटचा हप्ता घ्यायला शेठ स्वतः आले, सरांसाठी झेंडूचा हार घेऊन. पिवळा. गळ्यात घालायच्या आधी त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, हारावर घासला आणि सरांना दाखवला. रुमाल कोरा होता. मग सरांनी दिलेल्या नोटा त्यांनी मोजल्या, शेवटच्या नोटेवर ओला अंगठा फिरवला, अंगठा उजेडाला धरून पाहिला, आणि म्हणाले, "पक्का है. पूरा मिल गया."