हलक्या फाइलमधली बाई

दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत मी महाडच्या एका फोटो स्टुडिओत लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करायचे. नाते गावाहून सकाळच्या एसटीने यायचं, संध्याकाळी परत जायचं. स्टुडिओच्या मालकांना मी दादा म्हणायचे. दादांनी मुंबईहून एक वापरलेला पण भारी कॅमेरा आणला होता. तो शूटिंग करतानाच दोन फाइली तयार करायचा, एक जड, स्वच्छ चित्राची, आणि तिचीच एक हलकी, धूसर नक्कल. तिला प्रॉक्सी म्हणत, आम्ही नुसती 'हलकी' म्हणायचो. आमच्या कॉम्प्युटरला जड फाइल झेपत नसे, चित्र अडखळायचं. म्हणून सगळी कापाकापी हलकीवर करायची आणि शेवटी तिच्या जागी जड फाइल जोडायची.

त्या हलक्या चित्रांची मला सवय लागली. दुपारी खोलीत पडदा ओढलेला असे. बाहेरून एमआयडीसीच्या बसेस जात, आणि समोर माणसं पाण्याखालून चालल्यासारखी हलत. चेहरे म्हणजे नुसते गव्हाळ डाग. मी माणसं चालीवरून, लुगड्याच्या रंगावरून ओळखायचे. घरी जाताना स्टँडवरची गर्दीही मला तशीच दिसे, कडा पुसलेली, एकमेकांत विरघळलेली.

असंच एक लग्न आलं, पोलादपूरच्या वर डोंगरावर असलेल्या एका वाडीतलं. शूटिंगला दादा एकटेच गेले होते, मला त्या घरातलं कुणीच माहीत नव्हतं. पण पहिल्याच दुपारी फिक्या हिरव्या लुगड्यातल्या एका बाईवर माझी नजर ठरली. हळद चालली होती आणि ती दाराशी उभी होती. नवरी जिकडे जाईल तिकडे तिचं तोंड वळे. मांडवात नवरीचा पदर घसरला, तशी ती पुढे झाली आणि मध्येच थांबली. पाठवणीला सगळ्या बाया नवरीच्या गळ्यात पडत होत्या, ही मात्र लांब, गोठ्याच्या कुडाला टेकून, तोंडाशी पदर धरून.

ही आई, असं मी धरून चालले. फिल्म तिच्याभोवतीच बांधली. अक्षता पडल्या की ती, मंगळसूत्र बांधलं की ती.

काम संपल्यावर जड फाइल जोडली आणि ती बाई एकदम स्वच्छ समोर आली. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, उन्हाने रापलेले गाल, आणि मोकळं कपाळ. कुंकू नव्हतं. हलक्या चित्रात तेवढा ठिपका कुणाच्याच कपाळावर दिसत नसे.

मी दादांना हाक मारली. ते बघत राहिले.

"अगं, ही नवरीची मावशी. विधवा आहे. पोरीची आई लहानपणीच गेली, हिनेच वाढवलं तिला. पण कार्यात हिला पुढे येऊ देत नाहीत. आणि तू तर सगळीकडे हिलाच घेतलंयस."

"मग काढू?"

"नवरी सीडी न्यायला येणार आहे. तिला दाखव, मग बघू."

नवरी आली ती मावशीला घेऊनच. दोघी बाकावर बसल्या, मी फिल्म लावली. थोड्याच वेळात मावशीने पदर पुढे ओढला.

"ही मीच हाय ना गो? काढून टाक बाय. लोकं काय म्हणतील?"

नवरीने माझ्याकडे पाहिलं. "हिला घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मला वाटलं, या तुमच्या आई."

नवरीचे डोळे भरून आले. तिने मावशीचा हात आपल्या मांडीवर घेतला. "मावशे, काय काढायचं नाय."

मावशी पुन्हा समोर बघू लागली. पाठवणीचं दृश्य आलं तेव्हा हळूच म्हणाली, "मी अशी उभी होते व्हय? मला वाटलेलं, कुणाला दिसत नाय."

फिल्म होती तशीच वाडीवर गेली. दादांनी नंतर सांगितलं, ज्या घरी टीव्ही होता तिथे सगळी वाडी बघायला जमली. एक-दोन म्हाताऱ्या कुरकुरल्या. मावशी अंगणातच थांबली होती. शेवटी शेजारच्या बायांनीच तिला हाताला धरून आत नेलं आणि पुढे बसवलं.