वरच्या फळीवर राहिलेला बाळकृष्ण

देवच हरवला तर माणसानं कुणाकडे जायचं? हा प्रश्न मला या वयात पडला, तोही जपानमध्ये.

आम्ही बहरीनला सनद नावाच्या भागात राहतो, मुलगा, सून आणि मी. जपानमधल्या कोयासानची डोंगरावरची जुनी मंदिरं बघायला तिघंही निघालो, मग घरी पूजा कोण करणार? म्हणून सासूबाईंनी दिलेला बाळकृष्ण कापडी पिशवीत घालून बरोबर घेतला. "आई, याचा व्हिसा काढलात का?" सूनबाईनं चिडवलं. "त्याला कुठे लागतो गं," मी म्हटलं.

ओसाकाहून गाडीत बसलो. देव पायाशी कसा ठेवायचा? पिशवीला हात जोडून ती वरच्या फळीवर ठेवली, कपड्यांची बॅग पायाशी. हाशिमोतो स्टेशनला उतरून डोंगराची गाडी पकडायची घाई. पायाशी होतं ते उचललं आणि उतरले. दुसरी गाडी सुटल्यावर आठवलं. बघा, मान द्यायला गेले आणि देवालाच विसरून आले.

"खलास," मुलगा म्हणाला, मग माझं तोंड बघून गार्डकडे धावला. गार्डनं मागच्या स्टेशनावर फोन केला, पण पिशवीचा पत्ता लागेना. शेवटच्या स्टेशनावर बाकावर बसले. चाळीस वर्षं रोज आंघोळ घातली होती हो त्याला. डोळे मिटून म्हटलं, मी तुला सांभाळते असं समजत होते. आता कुणाच्या हातात आहेस ते तुलाच ठाऊक. तुझी इच्छा. आणि खरं सांगते, मन हलकं झालं.

पुढच्या गाडीतून माझ्याच वयाची एक बाई उतरली. ओसाकाच्या गाडीत आमच्या समोर बसलेली. दोन्ही हातांत पांढऱ्या कापडात बांधलेला डबा, त्यावर माझी पिशवी. सूनबाईनं मोबाईलवर भाषांतर करत विचारलं. मी हात जोडलेले तिनं पाहिले होते, म्हणून पिशवी कुठे खाली टेकवली नव्हती. डब्यात तिच्या नवऱ्याच्या अस्थी होत्या, वर देवळात ठेवायला चालली होती.

पुढे डोंगरावर नेणाऱ्या केबलकारपर्यंत नुसत्या पायऱ्या. कठडा धरल्याशिवाय तिला चढवेना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डबा पुढे केला. मी बाळकृष्ण सूनबाईच्या हाती दिला आणि डबा घेतला. मागे वळून न बघता ती चढत गेली.

तिचे उपकार मी जन्मभर मानीन. पूजा मला येत होती, सोपवणं तिनं शिकवलं. वर पोचेपर्यंत मी तो डबा मांडीवरसुद्धा टेकवला नाही.