शामलाचे ट्रॅकचे टायर

कुवेतमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या शामलाला आपल्या ड्रायव्हिंगचा भारी अभिमान. मूळची सांगलीची. इथलं लायसन काढताना भल्याभल्यांना घाम फुटतो. ती पहिल्या फटक्यात पास झाली. रत्नागिरीची अबोली लॅबमध्ये रुजू झाली तेव्हा तिला गाडी शिकवली तीही शामलानेच.

पुढे अबोलीच तिला शहराबाहेरच्या रेसच्या ट्रॅकवर घेऊन गेली. हौशी बायका तिथे आपापल्या गाड्या पळवायच्या. सुरुवातीला दोघी बरोबरीच्या. मग अबोलीने खास ट्रॅकचे टायर बसवले. रबर मऊ, नक्षी नावापुरती. तापले की डांबराला घट्ट धरायचे. शामलाचे टायर साधे, रोजच्या रस्त्याचे. वळणावर ते नुसते किंचाळायचे. अबोली बाजूने पुढे निघून गेली आणि जाता जाता तिने हात हलवला.

तो हात शामलाच्या जिव्हारी लागला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या अबोलीभोवती गोळा व्हायच्या, तेव्हा ही आपला डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायची.

"टायर पळतात, ही नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग तूही घे तसले," विश्वास फोनमधून डोकं न काढता म्हणाला.

तिने अगदी तेच घेतले आणि रोजच्या रस्त्यावरही तेच ठेवले. तरीही अबोलीच पुढे राहिली. आता टायरांना दोष देण्याची सोयही उरली नाही, आणि जळफळाट तर दुप्पट झाला.

हिवाळा लागला. एका दुपारी लॅब सुटायच्या वेळी आभाळ भरून आलं.

"ताई, मी साधे टायर परत चढवलेत," अबोली म्हणाली. "ते मऊ टायर थंडीत पकडतच नाहीत. पाणी बाहेर टाकायला खाचाही नाहीत त्यांना. आज माझ्या गाडीतून चला ना."

"गाडी तुला मी शिकवलीय. तू मला शिकवू नकोस."

घरी जाताना वाटेतल्या सुलैबिया भागातल्या चौकात पावसाचं पाणी साचलं होतं. शामलाने स्टिअरिंग वळवलं, पण गाडी वळलीच नाही. घसरत सरळ गेली आणि कठड्यावर आदळली. पुढचं चाक वाकडं झालं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

काचेवर टकटक झाली. अबोली भिजत उभी होती.

"लागलं का कुठे?"

"तू इथे कशी?"

"मागेच होते. काळजी वाटत होती."

'मी सांगितलं होतं' असं एकदा तरी ती म्हणेल, याची शामला वाट बघत होती. म्हणजे भांडता तरी आलं असतं. अबोलीने फक्त दार उघडलं.

"मला तुझा हेवा वाटतो गं," शामला एकदम बोलून गेली. "फार वाटतो."

"ठाऊक आहे," अबोली म्हणाली. "ट्रॅकवर मी पुढे गेले की तुम्ही नंतर गाडीतून उतरून माझ्याशी बोलतच नाही. मला तिकडे एकटं वाटतं, ताई."

शामला अबोलीच्या गाडीत जाऊन बसली.

गाडी दुरुस्त झाली. शामलाने खोल खाचांचे टायर चढवले आणि गाडी रस्त्यापुरतीच ठेवली. ट्रॅकवर ती अजूनही जाते, अबोलीच्या शेजारी बसून. अबोली सुरेख वळण घेते तेव्हा पोटात दुखायचं काही थांबत नाही. पण आता ती दात आवळून का होईना, तिला विचारते, "हे कसं केलंस? परत दाखव."