स्टेपनीचं फाटक

आमच्या जीपचं मागचं दार लोंबायला लागलं तेव्हा मला आधी आनंदच झाला. ती गाडी मला कधीच आवडली नव्हती. चढायला उंच, बसायला कडक, आणि उन्हाळ्यात आत बसलं की भाकरीला तव्यावर काय वाटत असेल ते कळायचं. नवऱ्याने भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर व्हायच्या थोडं आधी ती जुनीच विकत घेतली आणि तिला मोठमोठे टायर लावले. अमरकंटकचे घाट, बस्तरचे कच्चे रस्ते, गाडीतून ओलांडायच्या नद्या, असं सगळं त्याच्या डोक्यात होतं. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते, पण लिहिताना तोच लिहिणार आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर एवढी सूट मला पाहिजे.

मोठे टायर लावले म्हणजे स्टेपनीही मोठी आली, आणि ती मागच्या दारावर टांगलेली. दार मुळात बनलेलं हलक्या टायरसाठी. खड्ड्याखड्ड्यांतून आदळून बिजागऱ्या वाकल्या, पत्र्याला भेग पडली, आणि एक दिवस दार उघडलं ते परत लागेचना. दोरीने बांधून गाडी घरी आणली. मी म्हटलं, छान झालं, आता विकून टाका हे धूड.

त्याच सुमारास त्याच्या हातून वस्तू पडायला लागल्या. आधी पेन, मग चहाचा कप. मी ओरडायचे, लक्ष कुठं असतं तुमचं म्हणून. शर्टाचं वरचं बटण लागेना झालं तेव्हा मी ओरडायची थांबले. रायपूरला दाखवलं, नागपूरला दाखवलं. नसांचा आजार निघाला. हातापायांतली ताकद हळूहळू जात राहणार, बोटांपासून सुरुवात झालीच आहे, आणि औषध नाही, असं डॉक्टरांनी फार सभ्यपणे सांगितलं. तेवढ्या सभ्यपणाचाच मला राग आला.

नागपूरहून आम्ही परत आलो. सेक्टर १० मधल्या आमच्या क्वार्टरसमोर रिक्षातून उतरल्यावर नवरा घरात न जाता जीपच्या मागे जाऊन उभा राहिला. बांधलेल्या दाराकडे बघत म्हणाला, "स्टेपनीचं फाटक बनवून घेतो. हात चालून राहिले तोवर."

"कोनतं फाटक?"

मग त्याने समजावून सांगितलं. गाडीला मागे जाड लोखंडाचा नवा बंपर बसवायचा. त्याच्या एका कोपऱ्यावर उभी पिन, पिनवर फिरणारा आडवा आर्म, आणि टायर त्या आर्मवर. दुसऱ्या कोपऱ्यावर लॅच. लॅच ओढला की फाटकासारखा आर्म टायर घेऊन बाजूला जातो, मग मोकळं झालेलं हलकं दार उघडायचं. ओझं दारावर येतच नाही.

"मंग अमरकंटकले जाऊ," तो म्हणाला. "गाडी तू चालवजो. आता माह्याच्यानं होत नाई, मले समजते. पन मागचं फाटक मीच उघडीन. तेवढं एक काम माह्यासाठी ठेव."

मी हो म्हटलं. गाडी विकायचा विषय त्या दिवशी संपला.

प्लांटच्या वर्कशॉपमधल्या लोकांची एक रीत आहे. एखादी वस्तू बनवायची तर ती आधी जमिनीवर खडूने पुऱ्या मापाची काढतात आणि लोखंड त्या रेषांवर ठेवून कापतात. आमच्या अंगणात फरशी आहे तिथे हे चित्र काढायचं ठरलं. नवऱ्याला खाली बसवेना, खडू धरवेना. तो व्हरांड्यात खुर्चीवर, आणि मी गुडघ्यांवर, हातात खडू. वर्षानुवर्षं शाळेत फळ्यावर भूमिती शिकवलेली बाई मी, पण त्याला माझी एकही रेषा पसंत पडेना.

"वाकडी आहे."

"तुमची मान वाकडी आहे."

"गुण्या लावून पाह्य ना वो!"

काटकोनाचा गुण्या लावला. रेषा खरंच वाकडी होती. मी ती पुसली आणि मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या. ते चित्र पुसलं जाऊ नये म्हणून त्या भागात मी झाडू मारत नव्हते. शेजारची बाई म्हणाली, ही कुठल्या सणाची रांगोळी? नवरा खुर्चीवरून हसला. त्या काळात तो हसायचा, हे मला लिहून ठेवायचं आहे.

वेल्डिंगला त्याचा मित्र यायचा. दोघं तिरोड्याकडचे, एकाच वेळी प्लांटमध्ये लागलेले. मित्र वेल्डर, नवरा इन्स्पेक्शनला. मित्राने अंगणातलं चित्र पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"भाऊ, लोखंडाचं एवढं जाड चॅनल? टायरच धरायचं आहे ना? पातळा पाइप लावू, काम होऊन जाईन."

"आपन जिंदगीत कधी पातळं केलं का?"

आमच्या भिलाईचा हा रोगच आहे. इथे घरी बनवलेली कुठलीही वस्तू प्लांटच्या सवयीने बनते. आमच्या गल्लीत कपडे वाळत घालायचे खांब असे आहेत की त्यांवर क्रेन उभी राहील, आणि एकाच्या बागेचं गेट उघडायला दोन माणसं लागतात. नवऱ्याचं म्हणणं, चढावर, खड्ड्यात, नदीत, कुठेच टायर हलता कामा नये. जोडात जरा ढिलेपणा असला तर तिथून सगळं खिळखिळं होतं. या ढिलेपणाला ते लोक 'प्ले' म्हणतात. नोकरीभर त्याने तेच तपासलं होतं. वस्तू हातात धरून हलवायची, प्ले असला की रिजेक्ट. तेव्हा चॅनल जाडच आलं आणि लॅच तर असा निवडला की ट्रकच्या मागच्या फाळक्याला शोभेल. मित्राने तेच कापलं. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. आता कळतं. आपण आधी जो माणूस होतो त्याच्या ताकदीचं तो सगळं बनवत होता.

पिन आणि तिच्यावर बसणारा नळीसारखा बुश कुम्हारीला एका लेथवाल्याकडून कातून घ्यायचा होता. लेथवाला आज ये, उद्या ये करत राहिला. मी जीप चालवायला शिकले ती याच फेऱ्यांमध्ये. स्टेपनी मागच्या सीटवर, दार दोरीने बांधलेलं, नवरा शेजारी. हायवेवर ट्रक अंगावर यायचे आणि मी स्टिअरिंगला लटकून देवाचं नाव घ्यायचे. तो म्हणायचा, "मस्त चालवून राहिली तू." पहिल्या फेरीला तो स्वतः उतरून आत गेला. शेवटच्या फेरीला गाडीतच बसून राहिला, आणि लेथवाल्याने पिन आणून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती उचलून बघितली नाही. नुसता तिच्यावर हात ठेवला. परत येताना मी रस्त्यावरच्या गाई-बैलांना, ट्रकवाल्यांना, लेथवाल्याला, सगळ्यांना मोठमोठ्याने शिव्या दिल्या. रडण्यापेक्षा ते बरं होतं.

फाटक लागलं तो दिवस छान उन्हाचा होता. मित्राने आर्म पिनवर बसवला, ग्रीस भरलं, टायरचे नट आवळले, लॅच बंद केला. दार आता हलकं झालं होतं, नव्या बिजागऱ्यांवर सरळ लागत होतं. काळा रंग दिलेलं ते फाटक खरोखरच देखणं दिसत होतं. नवरा व्हरांड्यातून माझा हात धरून आला, बंपरला टेकून उभा राहिला आणि त्याने लॅच धरला.

लॅच हलला नाही.

त्याने दोन्ही हात लावले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मित्र म्हणाला, नवा आहे, दोन दिवस चालू दे, मोकळा होईन. मग त्याने प्लांटमधली युक्ती केली. नट सुटत नाही तेव्हा पान्यावर पाइप चढवतात तसा लॅचच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवला. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो. नवऱ्याने पाइप धरला. बोटं त्यावरून घसरली. "उद्या पाहू," तो म्हणाला, आणि आत जाईपर्यंत त्याने माझ्या हातावर सगळा भार टाकला होता.

मग तो रोज सकाळी जायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. लॅचला हात लावून उभा राहायचा, ओढायचा, थांबायचा, इकडेतिकडे बघायचा, पुन्हा ओढायचा. एकदा त्याने कपाळ टायरवर टेकवलं आणि तसाच उभा राहिला. गॅसवर जे होतं ते मी जाळलं.

त्या दिवशी दुपारी तो झोपल्यावर मी अंगणात गेले. मला एकच बघायचं होतं, लॅचच खराब आहे का. मी एका हाताने ओढला. खटकन उघडला. आर्म टायर घेऊन माझ्या समोरून अलगद बाजूला गेला. लॅचमध्ये काहीच खराबी नव्हती. मी साठीची बाई, मला बरणीचं झाकण उघडत नाही, आणि ते माझ्या एका हाताने उघडलं. मी घाईने बंद केलं आणि तो जागा झाला नाही ना ते बघायला आत पळाले. डॉक्टरांनी सांगितलेलं तोवर मी ऐकलं होतं, पण विश्वास त्या दुपारी बसला.

मी मित्राला फोन केला. लॅच ढिला करून दे म्हटलं. तो म्हणाला, "वहिनी, तसं नको. त्याले समजन." मी म्हटलं, समजू दे, उघडू तर दे. मी नवऱ्याला रिक्षाने तपासणीला घेऊन गेले तेव्हा मित्राने आमच्या मागे अंगणात येऊन लॅचची जीभ कानसीने घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने लॅच ओढला आणि तो सुटला. आर्म त्याच्या हातासोबत फिरत गेला. मी खिडकीतूनच ओरडले, "उघडलं! उघडलं हो!" आणि पिठाच्या हातांनी बाहेर धावले. तो माझ्याकडे बघून हसला. इतका हसला की त्याला उभं राहवेना, मी त्याला धरलं. त्याने दार उघडलं, आत बघितलं, दार लावलं, आर्म परत लावला. आणि मग सवयीने त्याने आर्म धरून हलवला.

खट. खट.

त्याने पुन्हा हलवला. लॅचमध्ये आर्म खडखड वाजला आणि सुटून बाहेर आला. त्याचं हसू गेलं.

"ढिला केला," तो म्हणाला.

"उघडलं ना? मंग झालं."

"असा ढिला असला तर रस्त्यात उघडन. टायरसकट बाहेर येईन. मागून कोनी मोटरसायकलवाला येत असला तर मरन तो."

मला सहन झालं नाही. इतक्या महिन्यांचं सगळं तोंडाशी आलं. मी ओरडले, "आपल्या अंगनात कोन मोटरसायकलवाला येऊन राहिला?"

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. त्यालाही कळलं. लॅच तपासताना तो जसा शांतपणे एकेक भाग बघायचा तसा तो ते वाक्य बघत राहिला.

"म्हंजे गाडी कुठी जानारच नाई," तो हळूच म्हणाला. "असं तुमी दोघांनी ठरवून टाकलं."

"तसं नाई हो."

"चालवनार तर तूच होती." त्याने आर्मवरचा हात काढला नव्हता. "तुले तरी वाटून राहिलं होतं का, आपन जाऊ म्हनून? का सुरुवातीपासूनच नाई?"

मला हो म्हणायचं होतं. कुम्हारीच्या फेऱ्यांमध्ये, ट्रकांच्या मध्ये, मला एखाद्या वेळी तसं वाटलंही असेल. पण त्याच्याशी खोटं बोलायची मला कधी सवय नव्हती, आणि मी नुसती पिठाचे हात पदराला पुसत राहिले.

"जाऊ दे," तो म्हणाला. "बंद कर ते."

मी फाटक लोटलं. ते एका बोटाने लागलं.