सहा नोझल आणि कोंड्याची राख

पंचावन्न साली माझं पोस्टिंग पठाणकोटला होतं. फील्ड वर्कशॉप, रँक हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. डिझेलच्या गाड्या तेव्हा सैन्यात थोड्या होत्या आणि त्या ज्याला कळत त्याला सुट्टी मागायची चोरी होती. आमच्याकडे इंजेक्टरच्या कामासाठी वेगळी खोली असे. फरशी रोज सकाळी फॉल-इनच्या, म्हणजे हजेरीच्या, आधी ओल्या पोत्यानं पुसायची. आत जाताना बूट बाहेर, हात साबणानं धुतलेले. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. नव्या रिक्रूटांना वाटे, हवालदाराचं डोकं फिरलंय. मी त्यांना तसं वाटू देत असे, कामाला बरं पडतं.

ज्यांनी डिझेल इंजिन आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत तेलाचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. फवारा मारतो तो इंजेक्टर. त्याच्या टोकाला नोझल आणि नोझलच्या आत एक सुई. सुई आणि नोझल ही जन्माची जोडी. एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही. चांगली सुई नोझलमध्ये उभी धरून सोडली, तर आपल्याच वजनानं सावकाश खाली सरकते. धुळीचा एक कण आत गेला की ती अडते, फवाऱ्याऐवजी तेल ठिबकतं आणि गाडी काळा धूर ओकायला लागते.

हे सगळं मला शिकवलं नायक मुलचंद कापगते यानं. त्याचं गाव बोदलकसा तलावाजवळ, माझं तिरोड्याच्या अलीकडे, म्हणून पलटणीत आम्ही गाववाले. माझ्याहून वयानं मोठा आणि बोलायला फटकळ. "हात धू" हाच त्याचा रामराम. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या एका घाटात तो पडला. मागे बायको अनुसया. मूलबाळ नव्हतं.

सुट्टीवर आलो की मी एक चक्कर त्याच्या घरी टाकत असे. ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं आणि सायकल काढायची. तो कसा गेला हे अनुसयावहिनीनं कधी विचारलं नाही आणि मी कधी विषय काढला नाही. शत्रूपुढे उभं राहणं सोपं, त्या ओसरीवर बसणं अवघड.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेलो तो अंगणात दहा टनी डिझेल ट्रक उभा. लढाईच्या काळातला, लिलावात निघालेला. मुलचंदच्या मागे जे काही मिळालं होतं ते वहिनीनं या लोखंडात घातलं होतं. तिचा धाकटा भाऊ गणपत गोंदियात एका मिलच्या गाडीवर होता, त्याला तिनं आपला ड्रायव्हर केलं. एका राइस मिलवाल्यानं हंगामभर धान वाहायचं काम द्यायचं कबूल केलं. चार खेपा नीट झाल्या आणि पाचव्या खेपेला तलावाच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा, चढ गाडी चढेना. काळा धूर आणि सगळं इंजिन थंडी वाजल्यासारखं हलणारं. मिलवाल्याचा निरोप आला होता की बुधवारी सकाळी गाडी फाटकात दिसली तर ठीक, नाहीतर तो दुसरी लावणार.

मुलचंदचे थोरले भाऊ डोमाजी वाईट माणूस नव्हते, पण हट्टी होते. त्यांनी गोंदियाच्या कबाडवाल्याला मंगळवारी बोलावून ठेवलं होतं. मी पोचलो तो सोमवार.

"बाईमानसाचं काम नोहे हे," ते मला म्हणाले. "गाडी इकावं, वाट्याच्या बांधीत धानाचा रोवना करावं, घरी राहावं. मी का उपाशी ठेवून राहिलो काय तिले?"

भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, वहिनी डोक्यावरून पदर घेऊन दाराआड उभी असे आणि सरळ बोलत नसे. जे सांगायचं ते गणपतला सांगे. डोमाजी दोन हातांच्या अंतरावर उभे राहून सगळं ऐकत आणि तरी गणपतनं पुन्हा सांगेपर्यंत थांबत.

"गणपत, सांग त्यायले," आतून आवाज आला. "पोट भरते माहित हाये. पन कोनाच्या हातानं भरते तेबी पाहा लागते."

गणपतनं ते सांगितलं. डोमाजी म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत चालू करून दाखवा. नाई झाली त मी कोनाचं आयकत नाई."

गणपतनं नागपूरहून सहा नवे नोझल आणून ठेवले होते. बसवणारा कुणी मिळाला नव्हता. मी म्हटलं, उद्या सकाळी काम सुरू.

मंगळवारी उजाडताच पहिली अडचण समोर आली. शेजारच्या खळ्यावर मळणी चालली होती. हवेत तूस उडत होतं, अंगणात, ओसरीवर, गाडीच्या बॉनेटवर सगळीकडे. अशा हवेत नोझल उघडणं म्हणजे दुधात मीठ टाकणं. मी घरभर फिरून पाहिलं. एकच जागा स्वच्छ होती.

"वहिनी, मला तुमचं स्वयंपाकघर पाहिजे."

"कायले?"

"इंजेक्टर उघडायला."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "हे तेलकट हात घेऊन? माह्या चुलीपाशी?"

"हात धुतो."

"हात नाई. आंघोळ करून या."

चौदा वर्षं मी लोकांना बूट काढायला लावत होतो. त्या दिवशी विहिरीवर थंड पाण्यानं आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून मी त्या स्वयंपाकघरात गेलो. जमीन शेणानं सारवलेली, वर ओला हात फिरवलेला. पठाणकोटच्या खोलीतही याहून कमी धूळ नसे.

इंजेक्टरखाली बसणारे नवे तांब्याचे वॉशर चुलीत लाल करून पाण्यात टाकले, म्हणजे ते मऊ होतात आणि नीट बसतात. नव्या नोझलवर कारखान्यातलं घट्ट ग्रीस होतं. एकेक जोडी वेगळ्या वाटीत ठेवून वर रॉकेल ओतलं. ग्रीस सुटायला वेळ लागणार, म्हणून मी आणि गणपत बाहेर जाऊन गाडीचे जुने इंजेक्टर काढायला लागलो. दोन गंजून बसले होते. त्यांनी घाम काढला.

परत आलो तर वहिनी चुलीपुढे बसलेली आणि हातात नारळाची शेंडी. समोर राखेचा ढीग. दोन नोझल देवापुढच्या समईसारखे चकचकीत.

"किती कळकट आनले होते यानं," ती म्हणाली. "हे दोन झाले. बाकीचेबी घासून देतो."

बोललो असतो तर वर्कशॉपची भाषा आली असती. एक सुई उचलून तिच्या नोझलमध्ये सोडली. ती मधेच अडली. दुसरी सोडली, तीही अडली. आमच्याकडची राख म्हणजे धानाच्या कोंड्याची. पाण्याचा पितळी गुंड तिनं आरशासारखा होतो, कारण ती बारीक वाळूसारखी ओरखडते. आरशासारखी तर सुई कारखान्यातूनच आली होती.

वहिनीनं माझं तोंड पाहिलं आणि तिला कळलं. "बिघडलं का?"

"दोन गेले."

"काऊन बोलले नाई मले, घासू नोको म्हनून?"

तिचं बरोबर होतं. भांडं कळकट दिसलं तर घासायचं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. घासायचं नाही, हे सांगावं लागलं असतं. ती भिंतीला टेकून बसली. रडली नाही, पण तिच्या हातातली शेंडी तशीच राहिली. नागपूरला जाऊन यायला वेळ नव्हता आणि दुपारी कबाडवाला येणार होता.

चार नवे होते. दोन हवे होते. मी काढलेले सहा जुने नोझल घेऊन बसलो. त्यांतल्या चारांत जीव नव्हता. उरलेल्या दोन नोझलच्या सुया रॉकेलमध्ये धुतल्यावर सरकायला लागल्या, फक्त टोक जिथे बसतं तिथे काजळी खाऊन जागा खडबडीत झाली होती. मुलचंद अशा वेळी काय करायचा ते आठवलं. डोंगरात स्पेअर पोचत नसत, तेव्हा तो युनिफॉर्मच्या बटणांचं पॉलिश सुईच्या टोकाला मोहरीएवढं लावायचा आणि सुई नोझलमध्ये बोटांनी फिरवायचा. जोर नाही, घाई नाही. सुट्टीवर आलेल्या फौजीच्या पिशवीत दुसरं काही असो नसो, बटण पॉलिशची डबी असतेच.

पहिला मी केला. दुसरा घेणार तोच वहिनी म्हणाली, "द्या इकडं. बिघडवलं मी, त करतोबी मीच."

"जोर लावायचा नाही."

"हं."

"टोकालाच. बाजूला पॉलिश लागू द्यायचं नाही."

"हं. तुमी बाहेर जा भाऊजी, तुमी पाहून राहिले त माह्यानं होत नाई."

ऑर्डर मिळाल्यासारखा मी बाहेर गेलो. बोलावलं तेव्हा तिनं नोझल रॉकेलमध्ये धुवून, पुसून ठेवला होता. सुई उभी धरून सोडली. अर्धा श्वास थांबली आणि सावकाश खाली गेली.

इंजेक्टर जोडून पाइपला उलटे टांगले. हे बाहेरच तपासून घ्यायचं असतं. फवाऱ्यापुढे हात न्यायचा नाही, तेल कातडीत घुसतं. इंजेक्टर काढलेलं इंजिन हलकं फिरतं, तरी हँडलला दोन माणसं लागतात. गणपत एकटा होता. मी डोमाजींकडे पाहिलं. ते पाय आपटत आले आणि हँडल धरलं.

"मी गाडीच्या बाजूचा नोहे," ते म्हणाले. "पोराची कंबर मोडन म्हनून आलो."

"फिरवा."

चार नव्यांनी धुकं सोडलं. माझ्या जुन्यानं सोडलं. वहिनीचा आधी थोडा ठिबकला, मग त्यानंही धुकं सोडलं.

इंजेक्टर बसवले. पाइपमधली हवा काढत होतो तेव्हा कबाडवाला आला. सोबत बैलगाडी, घणाचे दोन गडी. ट्रकभोवती फिरून त्यानं चाकावर हात मारला.

"लोहा अच्छा है. तौल के ले जाऊंगा."

"थोडं थांबा," मी म्हटलं. "गणपत, स्टार्ट."

पहिल्यांदा इंजिन फिरलं आणि गप्प झालं. मी एक नट सैल करून उरलेली हवा सोडली. "स्टार्ट." या वेळी एक सिलेंडर बोलला, मग दुसरा, मग सगळे. धूर काळ्याचा करडा झाला आणि मग दिसेनासा झाला. कबाडवाल्यानं कान देऊन ऐकलं आणि आपल्या गड्यांना घण बैलगाडीत ठेवायला सांगितलं.

"चलती गाड़ी मैं नहीं तोड़ता, पटेल. पाप लगता है," तो डोमाजींना म्हणाला.

वहिनी दाराआडून बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण या वेळी तिनं गणपतला मधे घेतलं नाही. "पाळीवर चढते का पाहा लागन. तुमी समोर बसा, दादाजी."

डोमाजी समोर बसले. गाडी पाळ चढली, उतरली, तलावाला वळसा घालून परत आली. बुधवारी सकाळी ती मिलच्या फाटकात होती आणि संध्याकाळी भाडं घेऊन घरी. पुढे बरीच वर्षं ती गाडी त्या घरात राहिली.

बुधवारी संध्याकाळी मी निघायला सायकल काढली तेव्हा वहिनी जवळ येऊन उभी राहिली. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं.

"त्यायचं कसं झालं, भाऊजी?"

मी थोडक्यात सांगितलं. घाटात काफिला चालला होता. त्याची डिझेल गाडी वळणावर बंद पडली, रस्ता अडला. वायरलेसवर विचारणा झाली, "कितना टाइम? ओव्हर." त्यानं सांगायला लावलं, "दस मिनट. आउट." बॉनेट उघडून तो कामाला लागला. वरून मॉर्टर चालू होते. तिथेच तो पडला. एवढं बोलून मी थांबलो.

तिनं सायकलच्या हँडलवर हात ठेवला. मग म्हणाली, "अन् गाडी?"

"काय?"

"गाडी चालू झालती का मंग?"

"झाली होती, वहिनी. गाडी चालू झाल्यावर तो बॉनेट लावत होता, तेव्हा गोळा आला. मागे अँब्युलन्सच्या गाड्या अडकल्या होत्या, जखमी भरलेल्या. रस्ता मोकळा झाला आणि सगळ्या खाली पोचल्या."

"तुमाले कसं मालूम?"

"मी त्यातल्या एकीत होतो. मांडीला लागलं होतं, उठून बघता येत नव्हतं. बाकीचं मला मागून कळलं, पण त्याचं इंजिन सुरू झालेलं मी ऐकलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "इतके साल मले वाटे, गाडी तशीच पडली असन अन् मानूस फुकट गेला." मग ती वळली आणि ओसरीवर बसलेल्या डोमाजींना, गणपतला, कुंपणापाशी उभ्या असलेल्या शेजारच्या बायकांना, सगळ्यांना तिनं हाक मारली. मला हात धरून ओसरीवर बसवलं.

"आता सांगा भाऊजी. पयल्यापासून. त्यायचं नाव घेऊन सांगा."

मी सायकल भिंतीला लावली आणि सांगायला सुरुवात केली. नायक मुलचंद कापगते.